घड्याळ मागे का पडतं? क्रिस्टलच्या डेटाशीटवरचे शब्द, एकेक करून

हे या आठवड्याच्या एपिसोडचं लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून आकडेमोडीचा भाग इथे जरा सविस्तर लिहिलाय. बाकी बोलणं जसंच्या तसं, फक्त मधले "अं" आणि "म्हणजे बघा" काढून टाकलेत.

विषय निघाला एका श्रोत्याच्या मेलवरून. तासगावकडचा आहे, डिप्लोमा केलाय, घरची द्राक्षबाग बघतो. त्याने बागेत जमिनीतला ओलावा मोजणारे १२ नोड स्वतः बनवून बसवलेत. प्रत्येक नोड बॅटरीवर चालतो, बहुतेक वेळ झोपलेला असतो. ठरलेल्या वेळी उठतो, रेडिओवरून आकडा पाठवतो, परत झोपतो. गेटवेसुद्धा सोलरवर असल्यामुळे तो प्रत्येक नोडसाठी ठरलेल्या वेळेच्या ४ सेकंद आधीपासून ४ सेकंद नंतरपर्यंतच ऐकतो. रविवारी रात्री गेटवे सगळ्यांना बरोबर वेळ सांगतो आणि नोड आपापली घड्याळं लावून घेतात.

जानेवारीत टेबलावर तपासलं तेव्हा सगळेच नोड पुढे पळत होते. कुणी दिवसाला २ सेकंद, कुणी ५. त्याने प्रत्येक नोडसाठी वेगळा आकडा काढून कोडमध्ये वजा केला. फेब्रुवारी-मार्च सुरळीत. आणि मग मेलमधलं हे वाक्य: "दादा, खरड छाटणीनंतर शुक्रवार-शनिवारचा डेटा येणंच बंद झालं. सोमवार ते गुरुवार ओके. कोडमध्ये बग दिसत नाहीये. आता ड्रिपचा निर्णय अंदाजानेच घेतोय."

छाटणीनंतर नवी काडी तयार होत असताना पाणी किती द्यायचं, ते अंदाजावर सोडणं म्हणजे काय, हे बागवाल्यांना सांगायला नको. कोड मी वाचला. त्यात बग नाही. उत्तर त्याच्या मेलला जोडलेल्या डेटाशीटच्या एका पानावर आहे, फक्त ते पान अशा शब्दांनी भरलंय की आपल्यासारखे कोडवाले ते उघडून लगेच बंद करतात. आज ते शब्द सोडवू.

आधी तो दगड

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. सिन्नरला खनिजांचं एक संग्रहालय आहे, त्याचं नावच गारगोटी. हा दगड दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विजेचा भार तयार होतो, आणि उलट त्याला व्होल्टेज दिलं की तो किंचित वाकतो. पियरे आणि झाक क्युरी या भावांनी दाबाने वीज तयार होण्याचा हा गुण १८८० मध्ये दाखवला. घरातला गॅस लायटर टक् करून ठिणगी पाडतो ते याच तत्त्वावर, फक्त त्यात क्वार्ट्झ नसतो, एक वेगळं सिरॅमिक असतं.

आता या दगडाची पातळ चकती कापली, दोन बाजूंना धातूचा मुलामा दिला आणि योग्य वेळी विजेचे धक्के देत राहिलं, तर ती आपल्या ठरलेल्या वेगाने थरथरत राहते. झोपाळ्याला तुम्ही जोर कितीही लावा, तो आपल्याच लयीत जातो, तसं. १९२१ मध्ये वॉल्टर केडी याने यावर ऑसिलेटर बांधला. १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये वॉरन मॅरिसन आणि जोसेफ हॉर्टन यांनी पहिलं क्वार्ट्झ घड्याळ केलं. ते कपाटाएवढं होतं. मनगटावर यायला २५ डिसेंबर १९६९ उजाडला: सेइको कंपनीचं अ‍ॅस्ट्रॉन.

अ‍ॅस्ट्रॉनमधला क्रिस्टल सेकंदाला ८१९२ वेळा थरथरायचा. आज जवळपास प्रत्येक घड्याळात ३२७६८ चा असतो. कोडवाल्यांनी हे आकडे ओळखले असतील, दोनाचा तेरावा घात आणि दोनाचा पंधरावा घात. ३२७६८ ला पंधरा वेळा निम्मं करा, उरतो १. सेकंदाला एक ठोका. निम्मं करायला एक फ्लिपफ्लॉप पुरतो, म्हणून सगळा हिशोब स्वस्तात होतो.

आकडा सोयीने निवडण्याचं याहून भारी उदाहरण कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. ८०५१ च्या किटवर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असायचा आणि "सर, हा असला विचित्र आकडा का?" याचं उत्तर आमच्या वेळी "सिलॅबसमध्ये आहे" एवढंच मिळायचं. करून बघा: ११०५९२०० भागिले १२, भागिले ३२, भागिले ३. बरोबर ९६००. सिरियल पोर्टचा बॉड रेट. तिथे सरळसोट १२ मेगाहर्ट्झ लावला तर १०४१७ च्या आसपास येतं, साडेआठ टक्के चूक, आणि स्क्रीनवर कचरा अक्षरं.

क्रिस्टल, ऑसिलेटर, रेझोनेटर

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला "क्रिस्टल द्या" म्हटलं की तिन्ही गोष्टी काउंटरवर येऊ शकतात. फरक माहीत हवा.

क्रिस्टल म्हणजे नुसता दगड डबीत. दोन टोकं. तो स्वतःहून काही करत नाही, धक्के देणारं सर्किट तुमच्या चिपमध्ये असावं लागतं. ऑसिलेटर म्हणजे दगड अधिक धक्के देणारं सर्किट, एकाच डबीत. वीज दिली की तयार क्लॉक बाहेर. गोंधळ असा, की आजकाल चिकटवायच्या छोट्या क्रिस्टललाही चार पाय असतात, त्यातले दोन नुसते ग्राउंडला. दिसायला ऑसिलेटर आणि तो एकसारखेच. वरच्या नंबरावरून डेटाशीट काढल्याशिवाय ओळखू येत नाही.

रेझोनेटर म्हणजे त्याच कामाचा सिरॅमिक तुकडा, स्वस्त, पण चूक साधारण अर्ध्या टक्क्याची. अर्डुइनो उनो आर-३ बोर्डवर जी चकचकीत चांदीसारखी डबी दिसते ती १६ मेगाहर्ट्झची आहे खरी, पण ती यूएसबीच्या चिपसाठी. तुमचा प्रोग्रॅम ज्या मुख्य चिपवर चालतो तिला शेजारचा बारका रेझोनेटर आहे. अर्डुइनोच्या `मिलिस`वर घड्याळ बनवून "रोज मिनिटांनी चुकतंय" म्हणणाऱ्यांनी तिकडे बघावं. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद.

पीपीएम

टक्क्यात बोलायला क्रिस्टलची चूक फार लहान असते, म्हणून दशलक्षात किती, असं मोजतात. पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक. एक दिवस म्हणजे ८६४०० सेकंद, म्हणून १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, वर्षाला साधारण साडेएकतीस सेकंद. २० पीपीएम म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला साडेदहा मिनिटं. एवढं पाठ करा, बाकी तोंडी होतं.

आता डेटाशीट. तिथे पीपीएममध्ये लिहिलेले तीन-चार वेगवेगळे आकडे असतात आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यातला पहिला वाचून थांबणं. या आकड्यांनी चुकांचं वर्गीकरण केलेलं असतं. कुठली चूक एकदाच मोजून कायमची वजा करता येते, आणि कुठलीच्या मागे रोज धावावं लागतं, हे त्या शब्दांतून कळतं. तासगावच्या भाऊंचा सगळा घोटाळा इथेच आहे.

टॉलरन्स

त्याच्या डेटाशीटवर पहिली ओळ: फ्रिक्वेन्सी टॉलरन्स, अधिक-उणे २० पीपीएम, २५ अंशांवर. ते "२५ अंशांवर" नेहमी बारीक अक्षरात असतं.

याचा अर्थ, कारखान्यातून निघताना, २५ अंश सेल्सिअसला, प्रत्येक नग ३२७६८ पासून जास्तीत जास्त इतका सरकलेला असेल. एक नग अधिक १५, दुसरा उणे ८. पण तो एकच नग उद्याही अधिक १५ च्या आसपासच राहील. म्हणजे ही चूक स्थिर आहे. मोजली, कोडमध्ये वजा केली, विषय संपला. भाऊने जानेवारीत हेच केलं आणि ते बरोबर होतं.

पण त्याच्या आकड्यांत एक गंमत होती. २० पीपीएम टॉलरन्स असेल तर काही नोड पुढे पळायला हवेत, काही मागे. त्याचे तर बाराच्या बारा पुढे! २ ते ५ सेकंद, मध्य साडेतीन. मधोमध धरून दीड सेकंद इकडे-तिकडे, हा पसारा टॉलरन्समध्ये व्यवस्थित बसतो. मग अख्खी टोळीच साडेतीन सेकंद, म्हणजे सुमारे ४० पीपीएम पुढे कुणी ढकलली?

लोड कपॅसिटन्स

हा माझा लाडका शब्द, कारण याने सगळ्यात जास्त लोक फसतात आणि तो समजायला सगळ्यात सोपा आहे.

क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी त्याच्या एकट्याच्या हातात नसते. त्याच्या दोन टोकांना किती कपॅसिटन्स लटकलाय, त्याप्रमाणे ती किंचित सरकते. जास्त लटकवलं तर हळू, कमी लटकवलं तर जलद. कारखान्यात क्रिस्टल ठरावीक लोड लावून मोजतात आणि तो लोड डेटाशीटवर छापतात. भाऊच्या क्रिस्टलला १२.५ पिकोफॅरड.

आता लोक काय करतात, १२.५ वाचतात आणि दोन्ही टोकांना १० किंवा १२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावतात. पण हे दोन कपॅसिटर क्रिस्टलच्या नजरेने एकामागे एक, सीरिजमध्ये आहेत. दोन १० चे मिळून ५ होतात. त्यात बोर्डाच्या तारा आणि चिपचे पाय यांचा आपोआप येणारा कपॅसिटन्स मिळवा, त्याला स्ट्रे म्हणतात, साधारण ३ ते ५. म्हणजे एकूण ८ ते १०. हवे होते १२.५. लोड कमी पडला, क्रिस्टल जलद पळायला लागला. या जातीच्या क्रिस्टलला एवढा फरक तीस-चाळीस पीपीएम सरकवायला पुरेसा असतो, आणि बारा बोर्ड एकाच डिझाइनचे असल्यामुळे बारांनाही सारखंच सरकवतो. भाऊने बोर्डाचा फोटो पाठवला होता. कपॅसिटर १० चेच होते.

उलट हिशोब असा करा: हवे १२.५, स्ट्रे ३ धरला तर कपॅसिटरच्या जोडीकडून ९.५ हवेत, म्हणजे प्रत्येकी १९. बाजारात १८ सहज मिळतो, तो लावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, ३२७६८ चे क्रिस्टल ६, ७, ९ आणि १२.५ पिकोफॅरड अशा वेगवेगळ्या लोडचे येतात आणि ते दिसायला हुबेहूब सारखे असतात. डबीवर लोड छापलेला नसतो. दुकानातल्या सुट्ट्या ट्रेमधून उचललेल्या नगाचा लोड कोणता, हे तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही. दोन, क्रिस्टलच्या पायाला थेट ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून फ्रिक्वेन्सी मोजू नका. प्रोबचा स्वतःचाच कपॅसिटन्स १० पिकोफॅरडच्या आसपास असतो. तो लागला की जे मोजायचं तेच बदलतं, आणि कधीकधी ३२७६८ चा बिचारा क्रिस्टल थांबतोच. चिपकडून दुसऱ्या पिनवर क्लॉक बाहेर काढायची सोय असते, तिथे मोजा.

ही चूकही स्थिर आहे बरं का. त्यामुळे कोडमधल्या वजाबाकीत टॉलरन्स आणि लोड दोन्ही एकत्र झाकले गेले, आणि मार्चपर्यंत सगळं छान वाटलं.

तापमान, आणि खरड छाटणी

आता खरा गुन्हेगार. डेटाशीटवर ती ओळ अशी दिसते: उणे ०.०३४ पीपीएम, प्रति अंश सेल्सिअस वर्ग. त्याच्या आधी टर्नओव्हर तापमान, २५ अंश. या दोन ओळी एकत्र वाचायच्या.

घड्याळाचा क्रिस्टल चकती नसून शाळेतल्या नादकाट्यासारखा दोन दातांचा बारीक चिमटा असतो. तो २५ अंशांना सगळ्यात जलद थरथरतो. त्यापेक्षा गरम झाला तरी हळू, गार झाला तरी हळू. आलेख काढला तर उलटी वाटी. किती हळू? २५ पासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करा, ०.०३४ ने गुणा.

३५ अंशांना: १० चा वर्ग १००, म्हणजे ३.४ पीपीएम. दुर्लक्ष करण्याजोगं. ४५ ला: ४००, म्हणजे १३.६. आणि ५५ ला: ९००, म्हणजे ३०.६ पीपीएम. अंतर तिप्पट झालं की चूक नऊपट.

हिवाळ्यात पहाटे १४ अंशांना चूक ४ पीपीएम. भाऊला ती जाणवलीच नाही, दिवसाला पाव सेकंदसुद्धा नाही. आणि उन्हाळ्यात? त्याचे डबे वेलींच्या मांडवाखाली होते. वर पानांचं छत. खरड छाटणीत ते छत गेलं! एप्रिलचं ऊन थेट काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर. समजा दिवसातले सहा तास डब्यात ५५ अंश, सहा तास ४०, आणि उरलेले बारा तास २७ च्या आसपास. सरासरी काढली तर साधारण साडेनऊ पीपीएम, म्हणजे दिवसाला ०.८ सेकंदांहून थोडं जास्त. रविवारी रात्री घड्याळ लावलं की सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार नोड गेटवेच्या ४ सेकंदांच्या खिडकीत. शुक्रवारी खिडकीबाहेर. नोड इमानदारीत पाठवतोय, ऐकायला कुणी नाही.

हीच वाटी मनगटी घड्याळाच्या मात्र पथ्यावर पडते. हातावर असताना ते अंगाच्या उबेने तीसेक अंशांना राहतं, वाटीच्या तळाशी, म्हणजे इथे माथ्याशी. तेच घड्याळ काढून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवत गेलात तर जास्त चुकेल.

मेगाहर्ट्झवाल्या क्रिस्टलचा आलेख वेगळा असतो. ते बहुधा एटी-कट असतात. ही कापणी १९३० च्या दशकात आली. दगडाच्या अक्षाशी सुमारे ३५ अंश १५ मिनिटांच्या कोनात चकती कापायची, की आलेख वाटीऐवजी आडव्या झोपलेल्या एससारखा होतो आणि खोलीच्या तापमानाभोवती बराच सपाट राहतो. कोन काही मिनिटांनी चुकला तरी आलेखाचा आकार बदलतो. हे वाचल्यापासून दहा रुपयांच्या क्रिस्टलकडे बघायची माझी नजर बदललीय. मग घड्याळात एटी-कट का नाही? कारण मेगाहर्ट्झचं सर्किट सतत चालू ठेवायला वीज जास्त लागते, आणि नाण्याएवढ्या सेलवर वर्षानुवर्षं चालायचं तर ते परवडत नाही.

त्याला काय सांगितलं

पहिली गोष्ट, आठवड्यातून एकदा वेळ जुळवायची ती रोज रात्री जुळव. नोड रोज आकडा पाठवतोच, गेटवेने उलट पोच देताना त्यात चार बाइटची वेळ घालायची. बॅटरीचा फरक नगण्य. दिवसाची चूक एका सेकंदाच्या आत, खिडकी चार सेकंदांची. बहुतेक वेळा एवढ्यावरच काम भागतं, आणि मी तरी सगळ्यात आधी हेच करेन.

दुसरी, बोर्डवर तापमानाचा सेन्सर आहेच. दर तासाला उठून वाच, २५ वजा कर, वर्ग कर, ०.०३४ ने गुण, तेवढे मायक्रोसेकंद प्रति सेकंद घड्याळात मिळव. ५५ अंशांचा एक तास म्हणजे ०.११ सेकंद. दहा ओळींचा कोड आहे. फक्त सेन्सर क्रिस्टलच्या जवळ हवा, मातीत खुपसलेला चालणार नाही.

तिसरी, पुढच्या बोर्डवर १८ चे कपॅसिटर. यामुळे शुक्रवारचा डेटा परत येणार नाही, पण कोडमधला आकडा लहान होईल आणि नवा नोड न मोजताही बराच बरोबर चालेल.

आणि डब्याला पांढरा रंग. हे मेलमध्ये शेवटी लिहिलं, पण सगळ्यात स्वस्त तेच आहे. रोज वेळ जुळवणं आणि पांढरा रंग त्याने लगेच केलं, तेव्हापासून आठवडाभराचा डेटा पूर्ण येतोय. तापमानाचा कोड मे महिन्याच्या उन्हात तपासणार आहे.

एजिंग

डेटाशीटवर अजून एक ओळ राहिली: एजिंग, पहिल्या वर्षी अधिक-उणे ३ पीपीएम. तापमान, लोड सगळं तेच ठेवलं तरी क्रिस्टल वर्षांगणिक किंचित सरकतो. डबीच्या आतले कण त्याच्यावर बसतात किंवा उडून जातात, पकडून ठेवणाऱ्या जोडाचा ताण सैलावतो. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, पुढे मंदावत जातं.

हा शब्द महागात पडला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी लष्कराच्या रेडिओंसाठी ब्राझीलमधून क्वार्ट्झ आणून कोट्यवधी क्रिस्टल कापले जात होते. कारखान्यातून बरोबर निघालेले क्रिस्टल वापरायला काढेपर्यंत फ्रिक्वेन्सी बदलून बसायचे, काही तर चालूच व्हायचे नाहीत. शोध घेतल्यावर कळलं की घासताना चकतीच्या पृष्ठभागावर बारीक चुरा आणि भेगा राहतात, आणि तो भाग हळूहळू सुटत जातो. उपाय म्हणजे शेवटचं माप घासून न आणता आम्लात बुडवून, वरचा जखमी थर विरघळवून आणायचं. आज कच्चा मालही खाणीतला नसतो, प्रचंड दाबाच्या बंद भांड्यात क्वार्ट्झ वाढवला जातो.

एक्सओ घराणं

आडनाव एक्सओ, म्हणजे क्रिस्टल ऑसिलेटर. पुढचं अक्षर सांगतं की तापमानाशी कसं भांडतोय. टीसीएक्सओ तापमान मोजतो आणि तेवढी दुरुस्ती करतो. मेकर मंडळींची आवडती डीएस३२३१ चिप यातलीच: दर ६४ सेकंदांनी तापमान बघते आणि आतले छोटे कपॅसिटर जोडून-तोडून क्रिस्टलचा लोड बदलते. म्हणजे वर जो लोड आपल्याला त्रास देत होता, त्यालाच ती स्टिअरिंग म्हणून वापरते. ० ते ४० अंशांत चूक २ पीपीएमच्या आत, वर्षाला मिनिटभर. व्हीसीएक्सओत हेच स्टिअरिंग बाहेरच्या व्होल्टेजने फिरवता येतं, आणि किती फिरतं त्याला पुलिंग रेंज म्हणतात. ओसीएक्सओ भांडतच नाही, तो क्रिस्टलला छोट्या भट्टीत बसवून बाहेरच्या कुठल्याही उन्हापेक्षा जास्त, पण कायम एकाच तापमानावर ठेवतो. अचूकता पीपीबीत, अब्जात किती, अशी मोजतात. गरम व्हायला काही मिनिटं लागतात आणि वीज भरपूर खातो, त्यामुळे बॅटरीवाल्यांनी विसरा.

भट्टीवाला तुमच्या घराजवळच्या मोबाइल टॉवरमध्ये सापडेल. फोर-जीच्या मोठ्या टॉवरची फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या आत असावी असा नियम आहे, म्हणजे ५० पीपीबी. तुमच्या फोनमध्ये एवढा महागडा ऑसिलेटर घालणं परवडत नाही. तिथे छोटा टीसीएक्सओ किंवा शेजारी तापमान मोजणारा थर्मिस्टर बसवलेला साधा क्रिस्टल असतो. फोन टॉवरचं ऐकतो, आपली फ्रिक्वेन्सी किती सरकलीय ते ओळखतो आणि स्वतःला त्याच्या मागे लावून घेतो. टॉवर अनेकदा जीपीएसच्या मागे लागलेला असतो आणि जीपीएसचे उपग्रह अणुघड्याळांच्या. आपल्या नाविक प्रणालीच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात, २९ मे २०२३ ला सोडलेल्या, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने बनवलेलं देशी रुबिडियम घड्याळ बसवलंय.

जिटर हा शब्द या सगळ्यापासून वेगळा ठेवा. वर आपण बोललो ते दिवसभरात घड्याळ किती सरकतं याबद्दल. जिटर म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती थरथरतं ते. दिवसाला अगदी बरोबर लाख ठोके देणारा, पण प्रत्येक ठोका कधी लवकर कधी उशिरा देणारा ढोलवाला असू शकतो. वेगवान डेटा आणि ऑडिओवाल्यांना त्याची चिंता, ओलावा मोजणाऱ्यांना नाही.

आणि हेलियम

शेवटचा शब्द एमईएमएस, मेम्स. यात क्वार्ट्झच नसतो, चिपसारखाच सिलिकॉनमधून कोरलेला सूक्ष्म तुकडा थरथरतो. आकाराने लहान, धक्क्यांना मजबूत. वरची डीएस३२३१ नावाच्या शेवटी एम लागून येते तेव्हा तिच्यात क्रिस्टलऐवजी मेम्स असतो आणि चूक २ ऐवजी ५ पीपीएम होते. ऑनलाइन घेताना ते एक अक्षर बघून घ्या.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका रुग्णालयात नवीन एमआरआय मशीन बसवत होते. अचानक कर्मचाऱ्यांचे आयफोन आणि अ‍ॅपल वॉच बंद पडायला लागले, सुमारे ४०. अँड्रॉइड फोन मात्र एकही नाही. आधी वाटलं चुंबकाचा किंवा रेडिओ लहरींचा प्रताप असेल, पण मग बाकीची यंत्रं कशी चालू राहिली? निघालं असं, की मशीन थंड करताना द्रवरूप हेलियमचा वायू गळून इमारतीच्या हवेत पसरला होता. हेलियमचे अणू इतके बारीक की ते मेम्स ऑसिलेटरच्या सीलबंद पोकळीत शिरले. ज्या निर्वातात तो तुकडा थरथरायचा तिथे वायू भरला, फ्रिक्वेन्सी बिघडली आणि फोनचं मुख्य घड्याळच थांबलं. ज्या फोनमध्ये त्या जागी क्वार्ट्झ होता त्यांना काहीच झालं नाही. बंद पडलेले बहुतेक आयफोन काही दिवस मोकळ्या हवेत ठेवल्यावर, हेलियम हळूहळू बाहेर पडला तसे, परत चालू झाले. अ‍ॅपलच्या सूचनापुस्तिकेत आयफोन हेलियमसारख्या वायूंजवळ नेऊ नका असं एक वाक्य आहे, शोधलंत तर सापडेल.